दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर (आणि कॉइलवर बर्फ का धरतो ते)

मार्चमध्ये घेतला, १.५ टन, ५ स्टार, आर-३२ गॅसवाला. कंपनीचं नाव देत नाही कारण जे सांगायचंय ते कुठल्याही स्प्लिट एसीला लागू आहे. ठाण्यातल्या मे महिन्यात २६ वर ठेवून सोबत पंखा हळू, एवढ्यात बेडरूम मस्त गार व्हायची, आवाजही नाही. गारव्यावर मी खूश आहे.

जुलैत मात्र पहाटे हवा एकदम मंद व्हायला लागली आणि बंद केला की भिंतीवरून पाणी. झाकण उचललं तर कॉइलवर (म्हणजे आतली गार पाइपांची जाळी, जिच्यावरून खोलीतली हवा जाते) पांढरा बर्फ.

मेकॅनिक आला आणि काही न उघडताच म्हणाला गॅस भरावा लागेल. मी नाही म्हटलं, दादा आधी उघडून बघू. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, तो त्याच पाइपांमधून फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी लीक आहे आणि ते न शोधता भरला तर पुन्हा पैसे जाणार.

कॉइल एरवी शून्य अंशाच्या वरच असतं, म्हणून हवेतली वाफ पाणी होऊन ड्रेनमधून जाते. कॉइलवरून हवा कमी गेली किंवा गॅस कमी झाला की ते शून्याखाली जातं आणि तेच पाणी गोठतं, मग बर्फामुळे हवा अजून अडते आणि बर्फ वाढतच जातो. गॅस कमी असेल तर बर्फ बहुतेक कॉइलच्या एकाच भागात आणि आउटडोअरच्या बारीक पाइपवर दिसतो. हवा अडली असेल तर अख्ख्या कॉइलवर, कधी जाड पाइपवरही. आमच्याकडे अख्ख्या कॉइलवर होता. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो त्यामुळे तो स्वच्छ, पण वरच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम चालू होतं, ती बारीक पावडर फिल्टरच्या जाळीतून आत जाऊन ब्लोअरच्या (आतला हवा फेकणारा पंखा) पात्यांवर दमट हवेने थापली गेली होती. टॉर्च मारला की स्पष्ट दिसत होतं. प्रेशर पंपाने वेट सर्विस (पाण्याच्या फवाऱ्याने धुणं) केली, ब्लोअर धुतला, तेव्हापासून बर्फ नाही, गॅसला हातही लावला नाही.

बर्फ दिसला की कूलिंग लगेच बंद करा, फॅन मोड फुल स्पीडवर एक-दोन तास, खाली बादली. तसाच चालवत राहिलात तर गॅस द्रव रूपातच कॉम्प्रेसरमध्ये परत जाऊन कॉम्प्रेसर बिघडू शकतो. चाकू-स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू तर अजिबात नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च फार मोठा.

माझी तक्रार एकच, ब्लोअर स्वतः काढून धुता येत नाही, दर वेळी माणूस बोलवा.

बहिणीकडे नाशिकला खरंच लीक निघालं, फ्लेअर नटपाशी (पाइप जोडणारा नट) तेलाचा डाग होता आणि साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले. तिथे जॉइंट नवीन करून, व्हॅक्यूम मारून (पंपाने पाइपांतली हवा काढून) मगच गॅस भरला, तोही काट्यावर वजन करून. किती ग्रॅम लागतो ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, कोणी नुसत्या अंदाजाने भरत असेल तर तिथेच थांबवा.