११ ऑस्कर दोघांनाही, स्टॅच्यू मात्र एकाचेच: पैसे कोणत्या चित्रपटमालिकेवर लावावेत?

'टायटॅनिक' (१९९७) आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेतला शेवटचा चित्रपट 'द रिटर्न ऑफ द किंग' (२००३) या दोघांच्या पदरात प्रत्येकी ११ ऑस्कर पडले. कमाईही दोघांची डोळे दिपवणारी. पण चित्रपटांतल्या पात्रांचे शोभेचे छोटे पुतळे, म्हणजे स्टॅच्यू, जमवणाऱ्या संग्राहकांच्या कपाटात डोकावलं तर गॅन्डाल्फ, साउरॉन, नाझगुल, बॅलरॉग असा सगळा गोतावळा सापडतो, जॅक आणि रोझ मात्र जवळपास नाहीतच. उलट १९८७ चा 'प्रेडेटर' घ्या. एकही ऑस्कर नाही, जगभरची कमाई 'टायटॅनिक'च्या मानाने किरकोळ, तरी त्या मुखवटेधारी शिकाऱ्याचे स्टॅच्यू वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कंपन्यांकडून येतच आहेत.

चित्रपट किती चालला आणि किती नावाजला गेला, एवढ्यावर हा धंदा चालत नाही हे इथेच कळतं. मग कशावर चालतो? पहिला स्टॅच्यू घ्यायच्या विचारात असलेल्याने हे समजून घ्यायलाच हवं, कारण कंपनीने मालिका ज्या कारणासाठी निवडली, त्याच कारणावर तुमचे पुढचे प्रश्न अवलंबून असतात. उरलेली पात्रं कधी येतील का? दोन वर्षांनी याहून सरस आवृत्ती निघेल का? चेहरा खरंच त्या नटाचा वाटेल का?

कंपनी आधी पाहते ती आकृती. पात्राची नुसती काळी सावली भिंतीवर पडली तरी ओळखू यावी. डार्थ व्हेडर ओळखू येतो, एलियन ओळखू येतो. सूट घातलेला माणूस, मग तो कितीही थोर नट असो, सावलीत कुणीही असू शकतो. नाट्यप्रधान चित्रपट इथेच गळतात. त्यानंतर पात्रांची संख्या: एका स्टॅच्यूसाठी हक्क विकत घेणं परवडत नाही, दहा-वीस पात्रं काढता आली पाहिजेत. हक्कांच्या करारात बहुतेक वेळा किमान हमी रक्कम असते, म्हणजे माल विकला जावो न जावो, स्टुडिओला तेवढे पैसे द्यायचेच. वर प्रत्येक नगामागे रॉयल्टी. शिवाय करार 'सगळं काही करा' असा नसतो. कोणता प्रकार, कोणत्या आकारमानाचा, कोणत्या देशांत विकायचा, किती वर्षं, हे सगळं ठरलेलं असतं. म्हणून एकाच पात्राची हातपाय हलणारी १/६ आकृती (म्हणजे मूळ मापाच्या सहाव्या हिश्श्याची बाहुली) एका कंपनीकडे आणि १/४ चा स्टॅच्यू दुसरीकडे, असा प्रकार दिसतो.

आणि वय. लहानपणी ज्याने चित्रपट पाहिला तो कमावता होऊन स्वतःच्या घरात कपाट लावेपर्यंत पंचवीस-तीस वर्षं जातात. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या चित्रपटांचे इतके स्टॅच्यू आज का निघतात याचं उत्तर बरंचसं यात आहे.

एक तांत्रिक गोष्ट मात्र या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. प्लास्टिकच्या खेळण्याला पोलादी साचा लागतो. तो महाग, म्हणून हजारोंनी माल काढल्याशिवाय खर्च निघत नाही. स्टॅच्यू बहुधा पॉलिस्टोनचा, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतलेला असतो आणि त्याला सिलिकॉनचा साचा चालतो. हा साचा लवकर झिजतो, पुन्हा काढावा लागतो, पण स्वस्त असतो. त्यामुळे काही शे नगांची आवृत्तीसुद्धा परवडते. ज्या चित्रपटाची खेळणी कुणी कधी काढणार नाही, त्याचा स्टॅच्यू निघू शकतो तो यामुळेच.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. मालिकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात: चालू असलेली विश्वं, संपलेल्या पण लाडक्या मालिका, आणि एकटेदुकटे कल्ट चित्रपट, म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांचे.

चालू विश्वं

मार्व्हल आणि स्टार वॉर्स. कंपन्यांचा जीव इथे अडकलेला असतो, आणि का ते समजायला आयर्न मॅन पुरे. २००८ च्या पहिल्या चित्रपटात त्याचं चिलखत मार्क १ पासून सुरू झालं आणि २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत ते मार्क ८५ वर पोहोचलं. नट तोच, पात्र तेच, पण प्रत्येक चिलखत हे नवं उत्पादन. हाँगकाँगच्या हॉट टॉईजने या एका पात्रावर हलणाऱ्या १/६ आकृत्यांची भलीमोठी रांग उभी केली. कंपनीच्या दृष्टीने हे सोनं. नव्या चित्रपटाची तारीख आधी माहीत असते, हक्क एकाच दाराशी मिळतात (मार्व्हल २००९ मध्ये आणि लुकासफिल्म २०१२ मध्ये डिस्नेकडे गेलं), आणि नटांच्या करारांत चेहरा वापरण्याची तरतूद बहुधा आधीच केलेली असते.

घेणाऱ्याला याचा फायदा म्हणजे निवड भरपूर आणि चेहरे चांगले. तोटाही तिथूनच निघतो: आज घेतलेला स्टॅच्यू 'शेवटचा आणि सर्वोत्तम' कधीच नसतो. दुसरी कंपनी दुसऱ्या आकारात तोच नायक काढते, मग तीच कंपनी नवी आवृत्ती काढते, आणि जुन्याचा भाव पडतो. आणखी एक धोका आहे तो घाईचा. चित्रपट पडद्यावर यायच्या आत जो माल जाहीर होतो तो संकल्पनाचित्रांवरून घडवलेला असतो. प्रत्यक्ष चित्रपटात पोशाख बदलला, हत्यार बदललं, तर स्टॅच्यूवर जुनंच राहतं.

घाईचा इतिहास या धंद्याइतकाच जुना आहे. १९७७ मध्ये स्टार वॉर्स इतका चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. खेळण्यांचे हक्क घेतलेली केनर कंपनी नाताळपर्यंत माल तयार करू शकली नाही, म्हणून तिने चक्क खेळण्यांविना खोकी विकली, आत एक प्रमाणपत्र आणि काही कागदी वस्तू. खेळणी पुढच्या वर्षी टपालाने आली. आजची प्री-ऑर्डर, म्हणजे माल तयार व्हायच्या आधीची नोंदणी, हे त्याच खोक्याचं सुटाबुटातलं रूप आहे, असं मला नेहमी वाटतं.

संपलेल्या मालिका

इथे माझं मन सगळ्यात जास्त रमतं, हे आधीच सांगून टाकतो. लॉर्ड ऑफ द रिंग्ज, ज्युरासिक पार्क, एलियन. यात नवे भाग येतात, मालिका कागदोपत्री संपलेल्या नसतात, पण लोकांना हवे असतात ते मूळ चित्रपट. रचना ठरून गेलेली असते, पोशाखाचा प्रत्येक टाका छायाचित्रांत उपलब्ध असतो, आणि शिल्पकाराला घाई नसते.

लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या बाबतीत तर आणखी एक योग जुळून आला. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपने चित्रपटांसाठी चिलखतं, हत्यारं, प्राणी घडवले, आणि पुढे संग्राह्य वस्तूही तीच काढू लागली. चित्रपट आले त्या काळात अमेरिकेच्या साइडशो या स्टॅच्यू कंपनीबरोबर आणि नंतर स्वतःच्या नावाने. ज्या कारखान्याने मूळ वस्तू केली त्यानेच तिची छोटी प्रत करावी, हे क्वचित घडतं. फरक दिसतो तो चेहऱ्यापेक्षा कापडाच्या चुण्यांत आणि चिलखताच्या झिजेत.

पण हक्कांचा गुंता इथे जास्त. टॉल्किनच्या 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली पात्रं आणि नावं यांच्या व्यापारी वापराचे हक्क मिडल-अर्थ एंटरप्रायझेसकडे आहेत (ही संस्था २०२२ मध्ये एम्ब्रेसर समूहाने घेतली), तर चित्रपटांचं दृश्यरूप न्यू लाइनचं, म्हणजे वॉर्नरचं. टॉल्किनच्याच 'द सिल्मॅरिलियन' या पुस्तकाचे हक्क मात्र असे कधी विकले गेलेच नाहीत. त्यामुळे फक्त त्याच पुस्तकात असलेल्या पात्राचा स्टॅच्यू हवा असेल तर वाट पाहत बसू नका. कंपनीला ते सुचलं नाही असं नव्हे, तिला ते विकताच येत नाही.

ज्युरासिक पार्कची अडचण वेगळीच: मापाची. १.८ मीटरचा माणूस १/४ मापात ४५ सेंटिमीटर होतो, १/१० मध्ये १८. पण १२ मीटरचा टी-रेक्स १/१० मध्येसुद्धा सव्वा मीटरच्या घरात जातो. म्हणून डायनोसॉर एका मापात आणि माणसं दुसऱ्या मापात, किंवा नुसतं डोकं, अशा तडजोडी होतात. सगळी मालिका एकाच मापात मांडायची हौस असेल तर ही मालिका तुमचा अंत पाहील.

एकटे कल्ट चित्रपट

यात कंपनी निवडते ती जवळजवळ नेहमी मुखवटा, राक्षस किंवा यंत्र. कारण नटाचा चेहरा. स्टुडिओकडे पात्राचे हक्क असले तरी नटाच्या चेहऱ्याचे असतीलच असं नाही, विशेषतः जुन्या करारांत. या प्रश्नावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीच्या वारसांनी युनिव्हर्सलला कोर्टात खेचलं होतं. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो वारसांच्या विरोधात: चेहऱ्याचा हक्क त्या माणसाबरोबर संपतो. त्यावर राज्याने कायदाच बदलला. १९८५ पासून मृत्यूनंतरही हा हक्क वारसांकडे राहू लागला, आधी ५० वर्षं, पुढे ७०. तेव्हापासून जुन्या नटाचा चेहरा म्हणजे स्टुडिओबरोबरच आणखी एका दाराशी परवानगी. म्हणूनच 'टर्मिनेटर २'मधला धातूचा सांगाडा कंपनीला सोपा, त्यावर कातडं चढवलेला श्वार्झनेगर अवघड.

या गटात दुसरी आवृत्ती येईलच याची शाश्वती नसते. हक्क एका कंपनीने तीन-चार वर्षांसाठी घेतले, दोन स्टॅच्यू काढले, करार संपला, विषय संपला. चांगला निघाला तर पुढे भाव चढतो. वाईट निघाला तर वाईटच तुमच्याकडे राहतो, त्याला पर्याय नाही.

मग कंपनी कोणती?

तिन्ही गटांत खेळणारी म्हणजे साइडशो. १९९९ मध्ये तिने स्वतःच्या नावाने सुरुवात केली तीच युनिव्हर्सलच्या जुन्या राक्षसांपासून, आणि ती आवड अजून गेलेली नाही. तिच्या १/४ च्या 'प्रीमियम फॉरमॅट'मध्ये अनेकदा खऱ्या कापडाचे पोशाख असतात, ज्याच्यावर संग्राहकांत कायम दोन तट पडतात. मी कापडाच्या विरोधात आहे. कापड धूळ धरतं, आणि १/४ मापाला कापडाची वीण कधीच जुळत नाही.

टोकियोची प्राइम १ स्टुडिओ मोठं, जड, महाग आणि थोड्या नगांत काढते. बेस, म्हणजे स्टॅच्यूखालची बैठक, हाच अख्खा देखावा. ट्रान्सफॉर्मर्स आणि डायनोसॉर तिला शोभतात, कारण ज्या मालिकेत मूळ गोष्टच अवाढव्य आहे तिथे अतिरेक खपून जातो. शांतपणे उभ्या असलेल्या माणसाला तेवढा देखावा पेलवत नाही. ब्राझीलची आयर्न स्टुडिओज याच्या बरोबर उलट्या टोकाला आहे: १/१० माप, भराभर पात्रं, आणि काही मालिकांत एकमेकांना जोडले जाणारे बेस, ज्यातून हळूहळू लढाईचा पूर्ण प्रसंग उभा राहतो. ही कंपनी मालिका निवडताना प्रसंग शोधते. पाच-सहा पात्रं एका चौकटीत येतील असा प्रसंग नसेल तर जोडबेसचा उपयोगच नाही. वेटा फार थोड्या विश्वांत राहते पण खोल जाते, दुय्यम पात्रंही काढते.

तुम्हाला एकच स्टॅच्यू हवा असेल आणि तो आयुष्यभर ठेवायचा असेल, तर संपलेल्या मालिकेतला राक्षस किंवा चिलखतधारी घ्या, १/४ मध्ये, पूर्ण ओतीव, कापडाशिवाय. चेहऱ्याचा प्रश्नच निकाली निघतो. पूर्ण टोळी जमवायची असेल तर १/१० मध्ये, आणि तेही निदान दोन-तीन मुख्य पात्रं प्रत्यक्ष बाजारात आल्यावरच सुरू करा. नुसती जाहीर झालेली मालिका अर्ध्यात सोडून देणं या धंद्यात अजिबात नवं नाही, आणि नायक आला तरी त्याचा साथीदार येईलच असं नाही. दुय्यम पात्रांची प्री-ऑर्डर कमी भरली की ती गुपचूप यादीतून जातात.

चालू विश्वातलं काही आवडलं तर थांबा. चित्रपट येऊन वर्ष होऊ द्या. तोवर पोशाखाची शेवटची रूपं बाहेर येतात, दोन-तीन कंपन्यांचे नमुने शेजारी ठेवून पाहता येतात, आणि ज्यांनी उत्साहात घेतलं त्यातले काही जण विकायलाही काढतात. मोठ्या आवृत्तीच्या बाबतीत 'संपत आलंय' या ओरडीला फार किंमत देऊ नका. आवृत्ती किती नगांची आहे ते बहुधा छापलेलं असतं, ते पाहा.

कल्ट चित्रपटासाठी मात्र हा सल्ला उलटा. तिथे थांबलात तर बहुधा हात चोळत बसाल. फक्त आगाऊ रक्कम भरण्याआधी तीन गोष्टी तपासा: दाखवलेला नमुना रंगवलेला प्रत्यक्ष नमुना आहे की संगणकावरचं चित्र, स्टुडिओची मंजुरी मिळाली आहे की 'मंजुरी बाकी' असं बारीक अक्षरांत लिहिलं आहे, आणि तारीख पुढे गेली तर पैसे परत मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं, तेव्हा पहिल्या दोन गोष्टींवरच निर्णय घ्यावा लागतो. संगणकावरच्या चित्रात कातडीला जी चमक असते ती ओतीव पॉलिस्टोनवर कधीच उतरत नाही.