टॉवर नसताना चालणारं अ‍ॅप तपासण्यासाठी: एनएस-३ आणि कोअर

शोध आणि बचावपथकांसाठी मी निरोपांचं एक अ‍ॅप लिहिते आहे. टॉवर पडलेला, वीज गेलेली, राउटर किंवा सर्व्हर कुठेच नाही, अशा वेळी एक फोन शेजारच्या फोनला निरोप देतो आणि तो पुढे सरकवतो. अशा जाळ्याला मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क, थोडक्यात मॅनेट म्हणतात. टेबलावर चार फोन मांडून हे तपासता येत नाही, कारण टेबलावर प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येतं आणि निरोप पुढे सरकवायची वेळच येत नाही. पन्नास माणसं फोन घेऊन रानात पाठवली तरी आज सापडलेली चूक उद्या जशीच्या तशी पुन्हा घडवता येत नाही. त्यासाठी सिम्युलेटर, म्हणजे जाळ्याची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो. मी दोन साधनं वापरते, एनएस-३ आणि कोअर. दोन्ही फुकट आणि दोन्हींचा सोर्स खुला. दोन्हींबद्दल माझं मत चांगलं आहे, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. अ‍ॅप लिहिणाऱ्याने तो फरक आधीच समजून घेतला तर बराच त्रास वाचतो.

एनएस-३ चं काम २००६ मध्ये सुरू झालं आणि पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. नावावरून तो एनएस-२ या जुन्या सिम्युलेटरचा पुढचा भाग वाटतो, पण तो मुळापासून नव्याने लिहिलेला आहे. एनएस-२ च्या ओटीसीएल भाषेतल्या स्क्रिप्ट इथे चालत नाहीत. गाभा सी प्लस प्लसचा. यातलं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर जातं: पॅकेट (मजकुराचा एक तुकडा) निघालं, पोचलं, टायमर संपला. त्यामुळे शांत जाळ्याचा तासभर भराभर उरकतो आणि गजबजलेल्या जाळ्याचं एक मिनिट रेंगाळतं. इन्स्टॉल करणाऱ्यांना एवढंच सांगते: ३.३६ या आवृत्तीपासून बिल्डसाठी सीमेक हे साधन आहे, म्हणून आधीच्या वॅफ या साधनाच्या आज्ञा देणारी जुनी ट्युटोरियल बाजूला ठेवा. शिकताना डीबग बिल्ड घ्या म्हणजे लॉग दिसतील, मोठे रन ऑप्टिमाइज्ड बिल्डवर चालवा.

मॅनेटमधल्या राउटिंगची, म्हणजे निरोपाचा रस्ता ठरवण्याच्या पद्धतींची तुलना करणारा एक प्रोग्रॅम उदाहरणांत तयार मिळतो. ५० नोड (नोड म्हणजे जाळ्यातलं एक यंत्र, इथे फोन), ३०० बाय १५०० मीटरचं मैदान, २०० सेकंदांचा रन, आणि १० जोड्यांमध्ये ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला ४ या दराने जाताहेत. एओडीव्ही, ओएलएसआर, डीएसडीव्ही, डीएसआर यांपैकी हवा तो राउटिंग प्रोटोकॉल निवडायचा. कोड स्वच्छ आहे, वाचून शिकण्यासारखा आहे. पण त्यातले आकडे तसेच उचलून आपल्या अ‍ॅपला लावू नका, ही कळकळीची विनंती. नोडचा कमाल वेग तिथे सेकंदाला २० मीटर आहे, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ढिगाऱ्यावरून वाट काढणारा माणूस सेकंदाला एक मीटरही धड जात नाही. सिग्नल किती उतरतो ते फ्रिसच्या सूत्राने काढलेलं आहे, म्हणजे मध्ये भिंत, झाड, टेकडी काही नाही, जमिनीवरून होणारं परावर्तनसुद्धा नाही.

चालीचं मॉडेल आहे रँडम वेपॉइंट. नोड मैदानातला कुठलाही बिंदू आणि कुठलाही वेग निवडतो, तिथे पोचतो आणि पुन्हा नवा बिंदू निवडतो. किमान वेग शून्य ठेवलेला आहे आणि खोट तिथेच आहे. ज्या नोडच्या वाट्याला अगदी कमी वेग येतो तो त्या एकाच प्रवासात अडकून पडतो. रन जसजसा लांबतो तसतसे असे अडकलेले नोड साठत जातात आणि सगळ्या जाळ्याचा सरासरी वेग घसरत राहतो. २००३ पासून हे संशोधकांना ठाऊक आहे. उपायही एनएस-३ मध्येच आहे: स्टेडी स्टेट रँडम वेपॉइंट हे मॉडेल घ्या आणि किमान वेग शून्याच्या वर ठेवा. मी रँडम चाल सोडूनच दिली. पथक एकत्र निघतं, एका जागी थबकतं, दोघं मागे राहतात, एक जण उतारावरून खाली जातो. बॉनमोशन नावाच्या साधनात अशी गटाने चालणारी मॉडेलं मिळतात, आणि त्याने तयार केलेली एनएस-२ पद्धतीची फाइल एनएस-३ वाचतो. माझ्या कामाचे निकाल तिथून पुढे खरे वाटायला लागले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बारकावा याच्याही पुढचा आहे. वायफायमध्ये सर्वांना उद्देशून टाकलेलं पॅकेट सहसा कमी दराने जातं आणि त्याची पोच येत नाही. एकालाच पाठवलेलं पॅकेट जास्त दराने जातं. कमी दराचं पॅकेट लांबवर ऐकू येतं. राउटिंगचे हॅलो निरोप, म्हणजे 'मी इथे आहे' असं शेजाऱ्यांना कळवणारे, सर्वांना उद्देशून असतात, म्हणून लांबच्या फोनचा हॅलो कानावर येतो, राउटिंग त्याला शेजारी धरतं, आणि खरा मजकूर त्या वाटेने पाठवला की तो पोचत नाही. २००२ मध्ये एओडीव्हीच्या प्रत्यक्ष चाचण्या घेणाऱ्यांनी या पट्ट्याला ग्रे झोन असं नाव दिलं. वरच्या उदाहरणात दोन्ही दर मुद्दाम सारखे केलेले आहेत, त्यामुळे हा पट्टा तिथे दिसतच नाही. मी एक सेटिंग बदलून सर्वांना जाणाऱ्या पॅकेटांचा दर खाली आणला, आणि पोचणाऱ्या निरोपांचं प्रमाण लगेच उतरलं. जाळं बाहेरून मात्र आधीपेक्षा दाट दिसत होतं, प्रत्येकाच्या यादीत शेजारी वाढलेले! अ‍ॅप लिहिणाऱ्याने हा रन स्वतः करून पाहावाच. नुसता हॅलो ऐकून 'जोडलेलं आहे' असा हिरवा ठिपका दाखवायचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

राउटिंग कुठलं घ्यावं यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच की रस्ता तुटतो तेव्हा अ‍ॅपला काय भोगावं लागतं. आरएफसी ३५६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) मधला एओडीव्ही गरज पडली की रस्ता शोधतो, म्हणून पहिला निरोप अडून राहतो. आरएफसी ३६२६ मधला ओएलएसआर रस्ते आधीच तयार ठेवतो आणि त्यासाठी दर २ सेकंदांनी हॅलो टाकत राहतो. एखादा शेजारी गेला आहे असं ठरवायला त्याला साधारण ६ सेकंद लागतात. त्या ६ सेकंदांत यूडीपीने, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीने, पाठवलेलं सगळं वाया जातं, आणि अ‍ॅपला 'पाठवलं' एवढंच दिसतं. म्हणून टोकापासून टोकापर्यंतची पोच अ‍ॅपने स्वतःच घ्यायला हवी, प्रोटोकॉल कुठलाही असो.

एनएस-३ ची जी गोष्ट मला मनापासून आवडते ती म्हणजे रन नंबर. बीज (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) तेच ठेवून रन नंबर बदलला की यादृच्छिक आकड्यांची नवी स्वतंत्र मालिका मिळते. तोच नंबर पुन्हा दिला की तेच पॅकेट त्याच क्षणी पुन्हा हरवतं. चूक पकडायला यासारखी दुसरी सोय नाही. रनमधून पॅकेटांची नोंद असलेली पीकॅप फाइल निघते आणि ती वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते, त्यामुळे कुठल्या उडीत (एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना) काय झालं ते नेमकं पाहता येतं. अ‍ॅड हॉक नेटवर्कच्या एका नावाजलेल्या परिषदेतले २००० ते २००५ मधले शोधनिबंध तपासले तेव्हा पुन्हा करून पाहता येतील असे १५ टक्क्यांहून कमी निघाले होते. तेव्हा कोणाला निकाल दाखवाल तर सोबत आवृत्ती, बीज, रन नंबर आणि सगळ्या सेटिंग द्या.

आता एनएस-३ ची मर्यादा. तुमचं अ‍ॅप त्यात चालत नाही. अ‍ॅपसारखा वागणारा एक वर्ग सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहावा लागतो, आणि तिथले सॉकेट कॉलबॅकवर चालतात. म्हणजे एकच तर्क दोनदा लिहायचा आणि दोन्हीकडे एकसारखा राखायचा. खरा प्रोग्रॅम टॅप ब्रिज या सोयीमधून जोडता येतो, पण मग सिम्युलेशनला खऱ्या घड्याळाबरोबर धावावं लागतं. नोड वाढले, वाहतूक वाढली की ते मागे पडतं आणि मोजमापाला अर्थ उरत नाही.

ही उणीव कोअर भरून काढतो. बोइंगच्या संशोधन विभागात सुरू झालेला आणि पुढे अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने जोपासलेला हा इम्युलेटर, म्हणजे खरे प्रोग्रॅम नकली जाळ्यात चालवणारं साधन, लिनक्सच्या नेमस्पेसवर (एकाच यंत्रात वेगळे कप्पे करणाऱ्या सोयीवर) उभा आहे. प्रत्येक नोडला स्वतंत्र नेटवर्क स्टॅक मिळतो आणि त्यात तुमचा खरा प्रोग्रॅम, खरा राउटिंग डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालतो. पडद्यावर नोड ओढून लांब नेला की जोडणारी रेघ तुटते आणि अ‍ॅप काय करतं ते समोर दिसतं. कुठल्याही नोडवर डबल क्लिक करा, टर्मिनल उघडतं. मी माझा नोड कळपातून बाहेर ओढला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत आणला. रस्ता परत आला तरी टीसीपीची (पोच घेऊन पाठवणाऱ्या पद्धतीची) जोडणी गप्पच. हरवलेलं पॅकेट म्हणजे गर्दी झाली असं टीसीपी समजतो, दर अपयशाला टायमर दुप्पट करतो, आणि तो संपेपर्यंत वाट पाहत बसतो. बचावाच्या कामात ही वाट परवडत नाही. मी निरोपांची देवाणघेवाण यूडीपीवर आणली.

कोअरचं नेहमीचं वायरलेस मॉडेल मात्र अगदी साधं आहे: ठरवलेल्या अंतराच्या आत जोडलेलं, बाहेर तुटलेलं. बँडविड्थ, विलंब, गळती हे आकडे देता येतात, पण हवेतली टक्कर, लपलेला नोड (एकमेकांना ऐकू न येणारे दोघं तिसऱ्याशी एकदम बोलतात ती अडचण), चॅनेलसाठीची ओढाताण यात नाही. त्यासाठी ईमेन हे रेडिओची नक्कल करणारं साधन जोडावं लागतं. याचा फटका कसा बसतो ते सांगते. तुटलेली दोन पथकं पुन्हा भेटली की प्रत्येक फोन राहिलेले सगळे निरोप एकदम पाठवू लागतो. कोअरमध्ये हे सुरळीत पार पडलं. तोच प्रसंग एनएस-३ मध्ये उभा केला तर सगळे एकाच वेळी बोलायला लागले आणि जवळपास काहीच पोचेना. आता फोन आधी फक्त आपल्याकडच्या निरोपांच्या क्रमांकांची यादी देतो, समोरचा त्यातलं नसेल तेवढंच मागतो, आणि बोलण्याआधी प्रत्येक जण यादृच्छिक वेळ थांबतो.

इतर साधनं थोडक्यात. ग्राफिकल आयडीई (कोड लिहायचं वातावरण) हवा असेल तर आयनेट या मॉडेलांच्या संचासह ओमनेट++ हा सिम्युलेटर पाहा. नोड इतके विरळ असतील की टोकापासून टोकापर्यंत रस्ता क्वचितच जुळतो, तर फिनलंडमध्ये जावात लिहिलेला वन हा सिम्युलेटर जास्त सोयीचा. साठवा, वाहून न्या, भेटला की द्या, ही पद्धत त्यात मुळातच आहे.

फोनच्या बाबतीत एक अडचण दोन्हींपैकी कोणी सोडवत नाही. एनएस-३ चा अ‍ॅड हॉक मोड सगळ्या नोडना समान धरतो, पण अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला तो मोड देतच नाही. मिळतं ते वायफाय डायरेक्ट, ज्यात एक फोन गटप्रमुख होतो आणि बाकीचे त्याला जोडतात. प्रमुख गेला की गट मोडतो. अँड्रॉइड ८ पासून वायफाय अवेअर ही शेजारचे फोन थेट शोधणारी सोय आहे, पण फोनच्या हार्डवेअरमध्ये त्याची सोय लागते. म्हणून मी एनएस-३ मध्ये गटप्रमुखाच्या जागी अ‍ॅक्सेस पॉइंट आणि सभासदांच्या जागी स्टेशन धरून वेगळा प्रसंग लिहिला, आणि मधूनच तो अ‍ॅक्सेस पॉइंट बंद करते. तुमच्या पथकाकडे फोनसोबत खिशातले लिनक्स राउटर असणार असतील तर काम बरंच सोपं होतं. बॅटमॅन-अ‍ॅड हा राउटिंग प्रोटोकॉल लिनक्सच्या २.६.३८ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे राउटिंग त्याच्यावर सोपवायचं आणि कोअरमध्ये तपासलेला प्रोग्रॅम त्या राउटरच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करून तसाच चढवायचा.