सोलापुरातील एपी वर्ग : इतिहास मन लावून, जीवशास्त्र उरकून

माझ्या मुलीने गेल्या वर्षी अकरावीत असताना ‘एपी वर्ल्ड हिस्ट्री : मॉडर्न’ आणि ‘एपी बायॉलॉजी’ हे दोन अभ्यासक्रम सात रस्ता परिसरातील एका खासगी वर्गात पूर्ण केले. पुढे तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे वर्गाचे नाव देत नाही. एपी म्हणजे अमेरिकेतील कॉलेज बोर्डाचे, शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या तोडीचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम. त्यांची परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल १ ते ५ (५ सर्वोच्च) या श्रेणीत लागतो. परदेशात पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो, ‘नीट’च्या गुणांत त्यांनी काहीही भर पडत नाही, हे पालकांनी शुल्क भरण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

इतिहासाच्या पहिल्या तासाला पालकांनाही बसू दिले होते. सरांनी डब्यातून शेंगा चटणी आणि कडक भाकरी काढून टेबलावर ठेवली आणि यांतील काय काय १४५० मध्ये आपल्या भागात मिळाले असते, असे विचारले. ज्वारी, लसूण, जिरे आणि मीठ एका बाजूला राहिले. शेंगदाणा आणि तिखट मात्र बाद झाले, कारण भुईमूग आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून ती १४९२ नंतरच्या समुद्री दळणवळणातून आपल्याकडे आली. त्याच दळणवळणातून देवी आणि गोवर उलट दिशेने गेले आणि तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, हे सरांनी सांगितले तेव्हा चटणीचा डबा पाहून हसणारी मुले गप्प झाली. (डबा शेवटी मुलांनीच संपवला.)

या वर्गाचे खरे बलस्थान म्हणजे उत्तरांची तपासणी. परीक्षेत सात कागदपत्रे देऊन त्यांच्या आधारे निबंध लिहायला सांगतात. वाचनाच्या १५ मिनिटांसह त्यासाठी ६० मिनिटे असतात. पाठांतरावर वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रकार सुरुवातीला जड जातो. सर प्रत्येक वही तीन-चार दिवसांत परत देत आणि समासात लाल शाईने ‘हे कोणी लिहिले? कोणाला उद्देशून? त्याचा फायदा काय?’ असे प्रश्न लिहून ठेवत. दिलेल्या कागदपत्रांबाहेरचा पुरावा दिल्यास एक गुण मिळतो. चीन-जपान युद्धावरील सराव निबंधात मुलीने १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या आणि १९४२ मध्ये तेथेच निधन पावलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला दिला, तेव्हा सरांनी तो युक्तिवादाला नेमका कोठे जोडायचा हे तिला शेजारी बसवून दाखवले. त्रुटी एकच, पण महागात पडू शकणारी : ही परीक्षा आता पूर्णपणे संगणकावर टंकलिखित करावी लागते आणि वर्गाने मार्चपर्यंत सगळा सराव कागदावर करून घेतला.

जीवशास्त्राची सुरुवातही अशीच आशादायक होती. ऑगस्टमध्ये बाईंनी भुईमुगाचे मुळासकट उपटलेले झाड आणले, मुळांवरील रायझोबियम जिवाणूंच्या गाठी चिरून आतला गुलाबी रंग दाखवला आणि फूल वर उमलूनही आऱ्या (फुलानंतर खाली वाढणारे कोंब) जमिनीत शिरून शेंग खाली का धरते, यावर अर्धा तास चर्चा घडवून आणली. डिसेंबरमध्ये मात्र ही तुकडी नीटच्या तुकडीत मिसळली आणि तास पाठ्यपुस्तकाच्या ओळीओळीवर बेतलेल्या बहुपर्यायी प्रश्नांकडे वळला. एपीमध्ये ९० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न असतातच, परंतु पुढच्या ९० मिनिटांत सहा लेखी प्रश्न असतात आणि त्यांत तक्ते वाचणे, नियंत्रित गट सुचवणे, निष्कर्षाचे समर्थन करणे यांवर भर असतो. त्याचा सराव जवळजवळ थांबला.

प्रयोगांची स्थिती तर याहून वाईट होती. अध्यापनाचा किमान चौथा भाग प्रयोगांना द्यावा, अशी कॉलेज बोर्डाची अपेक्षा असताना वर्षभरात चारच प्रयोग झाले. साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बटाट्याचे तुकडे ठेवून त्यांच्या वजनातील फरकावरून परासरण (पेशींत पाण्याची होणारी ये-जा) समजून घेण्याच्या प्रयोगाला किराणा दुकानातला काटा आणला होता. तो पूर्ण ग्रॅमच दाखवत असल्याने सगळ्या तुकड्यांचे वजन आधी आणि नंतर सारखेच भरले आणि मुलांनी आलेख पुस्तकातून उतरवून घेतले.

दोन्ही विषयांचे मिळून ८५,००० रुपये घेणाऱ्या वर्गाकडून याहून अधिक अपेक्षित होते. संचालकांना भेटलो, तेव्हा त्यांनी नीटच्या मुलांची संख्या जास्त असल्याचे मोकळेपणाने मान्य केले, शुल्क परत करण्यास नकार दिला आणि रविवारचे सहा जादा तास देऊ केले. ते तास, एप्रिलच्या उन्हात कूलरच्या घरघरीत झाले असले, तरी चांगले झाले. परीक्षेसाठी पुण्याला जावे लागले, त्याचा खर्च वेगळा.

मुलीला इतिहासात ५ आणि जीवशास्त्रात ३ श्रेणी मिळाली. माझ्या पुतण्याचे नाव यंदा याच वर्गात घातले आहे, परंतु केवळ इतिहासासाठी. त्याने टंकलेखनाचा सराव जूनपासूनच घरी सुरू केला आहे.