लिटरेचर रिव्ह्यू: वर्षानुसार लावायचा की व्हेरिएबलनुसार?

आपल्या सोलापुरात पीएचडीवाले बरेच जण रिव्ह्यू (विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा) वर्षानुसार लावतात, म्हणजे अमक्यानं १९९८ला हे केलं, तमक्यानं २००४ला ते केलं, असं पानामागून पान. सोपं पडतं हे खरंय, शोधगंगावरनं (भारतातल्या पीएचडी प्रबंधांची वेबसाइट) थिसिस काढले की एकेक पॅरा तयार. विषय कसकसा बदलत गेला एवढंच दाखवायचं असेल तर तेही चालतंय. पण क्वांटिटेटिव्हमध्ये, म्हणजे आकडेवारीवरच्या संशोधनात, रिव्ह्यूनं हायपोथेसिसपर्यंत (आपण तपासणार त्या अंदाजापर्यंत) पोचवायला पाहिजे, तिथं हे लंगडं पडतं.

समजा विषय यंत्रमाग कामगारांचा पगार आणि कामातलं समाधान. व्हेरिएबलनुसार, म्हणजे मोजायच्या एकेक गोष्टीनुसार, लावलं की आधी पगार, मग समाधान, मग दोन्हीतलं नातं, कुणाला पॉझिटिव्ह मिळालं, कुणाला काहीच नाही, सॅम्पल केवढं, मोजायची स्केल कुठली, सगळं शेजारी शेजारी दिसतं आणि गॅप (अजून नीट न तपासलेला भाग) आपोआप वर येते. नुसती पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगानं यायची शक्यता) बघू नका हां, सॅम्पल मोठं असलं की बारीकसा फरकपण सिग्निफिकंट येतो, इफेक्ट साइज, म्हणजे फरक किंवा नातं केवढं मोठं, ते बघा. त्रास एवढाच की एकच पेपर दोन-तीन ठिकाणी येतो, म्हणून एक्सेलमध्ये तक्ता आधी करावा लागतो.

मी तरी व्हेरिएबलवालीच घेईन, वर्षांचा क्रम हवाच असेल तर प्रत्येक भागाच्या आत ठेवा.