‘टी२’ म्हणजे काय? ओपन सायन्सच्या एका ऑनलाइन कोर्सबद्दल

ओपन सायन्सचा, म्हणजे संशोधन आणि त्यातला डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवण्याविषयीचा, सहा आठवड्यांचा हा कोर्स नुकताच पूर्ण केला. करावा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, आणि तेही पहिल्याच आठवड्यातल्या एका कामासाठी: बरोबरच्यांना स्वतःची ओळख करून देणं.

एरवी नाव, शिक्षण, ‘शिकायला उत्सुक’ एवढं लिहून मी पुढे जाते. इथे मात्र कामाबरोबर ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, संशोधनातली कुणालाही उघडून बघता येईल अशी एक गोष्ट आणि बंद ठेवलेली एक गोष्ट, कारणासकट मागितली होती. ऑर्किड मी तेव्हाच काढला. १६ अंकी असतो, फुकट मिळतो. माझे लग्नाआधीचे दोन पेपर वेगळ्या आडनावाने आहेत; ते आणि नंतरचे आता एकाच ठिकाणी दिसतात.

खुली गोष्ट म्हणून झेनोडोवर, म्हणजे संशोधनाच्या फाइली सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, ठेवलेला मातीतल्या जिवाणूंचा डेटा दिला. प्रत्येकाने दोघांच्या ओळखी वाचायच्या, त्यांनी दिलेलं खरोखर उघडायचं आणि प्रश्न विचारायचे, असा नियम होता. एका ग्रंथपाल बाईंनी माझी फाइल उघडून विचारलं, “‘टी२’ या रकान्यात काय आहे? वेळ, तापमान की ट्रीटमेंट?” मला सांगता येईना. प्रयोगवही दोन तास चाळल्यावर सापडलं: दुसऱ्यांदा नमुने घेतले तो दिवस, पेरणीनंतरचा तिसावा. चार वर्षं फाइल सगळ्यांसाठी खुली होती, आणि वापरता कुणालाच आली नसती. त्याच रात्री रीडमी (डेटा समजावून सांगणारी फाइल) लिहिली, रकान्यांना पूर्ण नावं दिली, नवी आवृत्ती चढवली. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक) देतं आणि सगळ्यांना मिळून एक सामाईकही, त्यामुळे जुना संदर्भही शाबूत राहिला. पुढे ‘फेअर’ (FAIR) तत्त्वं, म्हणजे डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा ही तत्त्वं, शिकवली, तेव्हा ‘पुन्हा वापरता यावा’ म्हणजे काय, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

बंद गोष्टीचा प्रश्नही तितकाच मोलाचा. एका परिचारिकेने लिहिलं होतं, रुग्णांच्या मुलाखती देणार नाही, पण प्रश्नावली आणि संमतीपत्राचा नमुना घ्या. ‘शक्य तितकं खुलं, गरजेपुरतं बंद’ हे तत्त्व मला तिच्या त्या दोन ओळींतून कळलं.

शेवटची चाचणी मात्र निराश करते. संशोधन-लेख सगळ्यांना मोफत वाचता यावेत असं सांगणारा बुडापेस्टचा जाहीरनामा २००२ चा, युनेस्कोची ओपन सायन्सबद्दलची शिफारस २०२१ ची, हे पाठ असून माझा एकही रकाना स्पष्ट होत नाही. त्याऐवजी एकमेकांच्या फाइली पुन्हा उघडायला लावायला हव्या होत्या. पूर्वनोंदणीचा, म्हणजे प्रयोगाचा आराखडा आधीच जाहीर नोंदवून ठेवण्याचा, भागही घाईत उरकला आहे. शेतावरच्या प्रयोगात पाऊसच आला नाही तर नोंदवलेल्या आराखड्याचं काय करायचं, याला उत्तर मिळत नाही.

ग्रंथपाल बाईंचा दुसरा प्रश्न अजून माझ्याकडे बाकी आहे: जिवाणूंची संख्या दर ग्रॅम ओल्या मातीमागे की कोरड्या? वही पुन्हा काढली आहे.