पार्डिनी एसपी: एक पावसाळा आणि एक ऑक्टोबर हीट वापरल्यानंतर

इटलीच्या पार्डिनीचं एसपी हे .२२ एलआरचं (लहान, कमी धक्क्याच्या गोळीचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मी गेल्या मे महिन्यापासून वापरतेय. सराव वरळीच्या रेंजवर, प्रकार २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल. दहा मीटर एअर पिस्तुलातून इकडे वळणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील 'घ्यावं का?' असं सारखं विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझं उत्तर: जरूर घ्यावं, पण ग्रिप (लाकडी मूठ) आणि ट्रिगर आपल्या हाताला बसवून घ्यायला वेळ देणार असाल तरच.

आधी रचना. पोलिसांच्या कमरेला दिसतं त्या पिस्तुलात मॅगझिन मुठीच्या आत असतं. इथे पाच गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगर गार्डच्या पुढे लागतं. त्यामुळे मूठ पूर्ण मोकळी राहते आणि तिथल्या लाकडाला हवा तसा हाताचा आकार देता येतो. बॅरल हाताच्या बरीच जवळ, खाली बसवली आहे. गोळी सुटली की धक्का बॅरलच्या रेषेत मागे येतो. ती रेषा मुठीपासून जितकी वर, तितकं पिस्तुलाचं तोंड उडतं. एसपीत ती खाली असल्याने धक्का जवळजवळ सरळ तळहातात उतरतो. आणि सर्व्हिस पिस्तुलात साइटसकट (नेम धरायच्या खुणांसकट) अख्खी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, तसं इथे होत नाही. फक्त आतला बोल्ट मागे जातो, रिकामं केस (गोळीचं कवच) बाहेर फेकतो आणि परत येताना पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, ढकलतो. बॅरल आणि साइट जागच्या जागी.

हे सगळं कशासाठी, ते रॅपिड स्टेजला कळतं. आमच्या प्रकारात आधी ३० शॉट प्रिसिजनचे, प्रत्येक पाच शॉटना पाच मिनिटं. हा भाग कुठल्याही बऱ्या पिस्तुलाने निभावतो. मग ३० शॉट रॅपिडचे: टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद जातं, असं पाच वेळा. दर वेळी हात ४५ अंशांपर्यंत खाली आणायचा आणि टार्गेट दिसलं की उचलून एकच शॉट. रॅपिडच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं, प्रिसिजनचं ५०. वर्तुळ दुप्पट मोठं म्हणून रॅपिड सोपं वाटतं, पण त्या ३ सेकंदांत फ्रंट साइट शोधत बसलात तर शॉट गेलाच. एसपी उचललं की फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत आपोआप येऊन उभी राहते, शॉट गेल्यावरही तिथेच परत येते. मी आधी रेंजच्या जुन्या पिस्तुलावर शिकले. तिथे प्रत्येक शॉटनंतर मनगट पुन्हा लावावं लागायचं. माझा रॅपिडचा स्कोअर वाढला तो यामुळेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अर्थात, साइट आपोआप जागेवर येते ती ग्रिप बसल्यावर. ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची, वेगवेगळ्या मापांत मिळते. माझा हात लहान, तरी सगळ्यात लहान मापातही करंगळीखाली पोकळी राहत होती. रेंजवरचे जुने नेमबाज जे करतात तेच केलं. एम-सील मळून त्या पोकळीत भरलं, वर पातळ प्लॅस्टिक टाकून पकड घेतली आणि सुकू दिलं. मग सुताराकडचा पॉलिश पेपर घेऊन रोज थोडं थोडं घासत गेले. खरा घोळ तर्जनीपाशी असतो. ट्रिगर ओढणाऱ्या बोटाचा लाकडाला कुठेही स्पर्श होता कामा नये, नाहीतर बोट मागे येताना पिस्तुलालाही सोबत ढकलतं आणि शॉट बाजूला जातो. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, उघडून बघायचं. साइट डावीकडे दिसली की एका जागी घासायचं, उजवीकडे दिसली की दुसऱ्या. हे काम उरकायचं नाही. आठवडे जाऊ द्यावेत, कारण हातही रोज सारखा नसतो.

ट्रिगर मेकॅनिकल आहे आणि अप्रतिम आहे. नियमाप्रमाणे या प्रकारात तो किमान १००० ग्रॅम वजन उचलायला हवा. एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम चालतं. म्हणून एअरमधून आलेल्या मुलींना सुरुवातीला तो जड वाटतो आणि त्या झटका देतात. एसपीत पहिल्या टप्प्याचं वजन आणि दुसऱ्याचं वजन वेगळं लावता येतं. मी पहिल्या टप्प्यात बरंच वजन ठेवलंय, म्हणजे हात वर येतानाच बोटाने अर्धं काम केलेलं असतं. स्क्रू पाव फेरा फिरवला तरी फरक पडतो. फिरवण्याआधी खूण करून ठेवा आणि मॅचला जाण्याआधी वजन लावून तपासा, कारण इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या साहित्य तपासणीत) ट्रिगरने वजन उचललं नाही तर पुढे काही चालत नाही.

आता मुंबई. युरोपातले अनुभव वाचून पिस्तूल घेणाऱ्यांना आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेचा अंदाज नसतो. जूनपासून उघड्या स्टीलवर एका रात्रीत तांबूस डाग धरतो. सराव संपला की घामाचा हात लागलेला प्रत्येक भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, मग तेलाचा अगदी पातळ हात. पिस्तुलाच्या पेटीतला फोम ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात मी पिस्तूल त्यात कायम ठेवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या दर आठवड्याला तव्यावर तापवून परत वापरते. लाकूडही फुगतं. ऑगस्टमध्ये ग्रिप अंगठ्याखाली घट्ट झाली होती, दिवाळीपर्यंत आपोआप सैल पडली. तेव्हा पावसाळ्यात ग्रिप घासू नका.

गोळ्यांच्या बाबतीत सेमी-ऑटोमॅटिक चोखंदळ असतं. शिसाच्या गोळीवरचं मेण आणि दारूची काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी चिकट थर बसतो, आपल्या उकाड्यात जरा लवकरच. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्याच (साधारण वेगाच्याच) गोळ्या वापरा. जोरकस गोळ्यांनी बोल्टला विनाकारण मार बसतो. मधे एका लॉटच्या गोळ्यांनी केस अडकू लागलं होतं. लॉट बदलला, चेंबर ब्रशने साफ केला, त्रास थांबला. मॅचमध्ये असं झालं तर बोल्टला हात लावायचा नाही, तोंड टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. स्वतः सोडवायला गेलात तर बिघाडासाठीची सवलत जाते, आणि ती एका स्टेजला एकदाच मिळते.

घरच्या ड्राय सरावासाठी (गोळीविना ट्रिगर ओढण्याच्या सरावासाठी) स्नॅप कॅप, म्हणजे चेंबरमध्ये घालायची नकली गोळी, हवीच, कारण रिमफायरची (.२२सारख्या, कडेवर पिन आपटून उडणाऱ्या गोळीच्या पिस्तुलाची) पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटत राहिली तर कड दबते. आणि घरी असो की रेंजवर, हात लावल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी बघणं. घरी गोळ्या त्याच खोलीतसुद्धा नकोत.

लायसन्सचा भाग पालकांना आधीच समजलेला बरा. एअर पिस्तुलासारखं हे दुकानातून घरी आणता येत नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम लागू, मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे. वेळ लागतो, आणि तो लागावा हेच योग्य आहे. तोवर क्लबच्या पिस्तुलावर शिका. इंडोनेशियात २०१८च्या आशियाई स्पर्धेत, पालेम्बांगला, राही सरनोबतने याच २५ मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं, कोल्हापूरच्या मुलीने. तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराकडे मुली वळताहेत याचा मला फार आनंद होतो.

नवं परवडत नसेल तर जुनं घ्यायला हरकत नाही; .२२मध्ये बॅरल सहजी झिजत नाही. बघायचं ते मॅगझिनचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का, केस दर वेळी एकाच दिशेला स्वच्छ फेकलं जातं का, चेंबरच्या कडेवर पिनची खूण आहे का, आणि फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या लायसन्सवरच्या नंबरशी अक्षरशः जुळतो का. आधीच्या मालकाने ग्रिप किती घासली आहे याची काळजी करू नका, ग्रिप वेगळी मिळते.