पुरात निरोप कशावर द्यायचा: लायसन न लागणारा वॉकीटॉकी की हॅम?

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या घुसल्या, वर कन्नड घाटात दरडी आल्या. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की कोणीतरी विचारतंच, ‘भो, मंडळासाठी दोन-चार वॉकीटॉकी घेऊ का, का ते हॅमचं काढू?’ हॅम म्हणजे परीक्षा देऊन, लायसन काढून छंद म्हणून चालवायचा रेडिओ.

मोबाईल आहेच की, असं म्हणू नका. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे जनरेटरला डिझेल न्यायचा रस्ताच पाण्याखाली असतो. सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तो विषय संपला.

लायसन न लागणारा सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालतो. बटण दाबलं की बोलता येतं, म्हणून घाबरलेल्या माणसाच्या हातातही चालतो. खोक्यावर छापलेले किलोमीटर मात्र विसरा. केळी डोक्याच्या वर गेली की ओली पानं सिग्नल पिऊन टाकतात. आमच्या वावरातून पलीकडच्या वस्तीवर नुसती खरखर जात होती; तोच सेट घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो तर आवाज स्वच्छ. नदीकाठचा पहारा आणि शाळेतला निवारा जोडायला तो पुरतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, आकड्यांच्या बटणांचे सेट मात्र यात मोडत नाहीत. ते विकत मिळतात म्हणून विनापरवाना बोलणं कायदेशीर होत नाही.

हॅमला आधी दूरसंचार विभागाची परीक्षा. वय किमान १२, खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची तारभाषा) लागत नाही, वरच्या जनरलला मिनिटाला ८ शब्द. मग लायसन आणि कॉलसाइन (हवेवरची तुमची ओळख), यात महिने जातात. धंद्याचं बोलणं वर्ज्य, म्हणजे केळीचा भाव सांगायला तो सेट नाही. सांकेतिक भाषाही चालत नाही. जखमीचं नाव घेतलं तर ते अख्खा जिल्हा ऐकू शकतो.

एवढं करून १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा ५ वॅटचा हँडसेट तापीच्या सपाटीवर बरा चालतो, सातपुड्यात डोंगर आडवा आला की मुका. धडगाव, मोलगीकडे खरं काम हॅमचाच ७ मेगाहर्ट्झचा सेट करतो. त्याच्या अँटेनाला साधारण २० मीटर तार, मधोमध कापून तिथे केबल जोडायची आणि दोन निंबांमध्ये ४-५ मीटरवर ताणायची. तार अशी बुटकी ठेवली की सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततो आणि डोंगर ओलांडून धुळं, नाशिक गाठतो. हे दिवसाचं, रात्री जवळचे गायब होतात आणि लांबचे ऐकू येतात. १०० वॅटचा सेट नुसता ऐकताना १ अँपिअरच्या आसपास खातो, बोलताना २० च्या. ट्रॅक्टरची बॅटरी चालते, पण कमी बोला.

२००४ च्या त्सुनामीत अंदमानहून हॅमवाले निरोप देऊ शकले, कारण ते छंदापायी आधीच तिथे सेट लावून बसले होते.

तापी-गिरणाकाठच्या गावाने माझ्या मते बिनलायसनच्या दोन-तीन जोड्या घ्याव्यात, हॅमच्या नादी लागू नये. तालुक्याच्या गावी परीक्षा देणारे दोघं मिळाले, एखादा वायरमन, एखादा मास्तर, तरच हॅमवर पैसे घाला. धडगाव-अक्कलकुव्यात मात्र ७ मेगाहर्ट्झशिवाय भागणार नाही. तिथे मोर्सवाला नसला तरी चालेल, दर रविवारी सकाळी सेटवर हजर राहणारा हवा.